राजाच्या आधी रिकाम्या इमारती

वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवर वाय नदीकाठी ‘हे-ऑन-वाय’ नावाचे जेमतेम दोन हजार वस्तीचे बाजाराचे गाव आहे. जुन्या पुस्तकांचे गाव म्हणून ते जगभर ओळखले जाते आणि त्याचे सगळे श्रेय रिचर्ड बूथ या एका माणसाच्या पदरात टाकले जाते. बूथने १९६२ साली तिथल्या जुन्या अग्निशमन केंद्रात पुस्तकांचे दुकान थाटले. पुढे १ एप्रिल १९७७ रोजी गाव स्वतंत्र झाल्याचे जाहीर करून तो त्याचा ‘राजा’ही झाला. वृत्तपत्रांनी ही गोष्ट उचलून धरली, पण तिच्यामुळे गावाच्या उभारणीचे खरे कारण झाकले गेले, असे माझे मत आहे. हे गाव उभे राहिले ते स्वस्त जागेच्या आधारावर.

जुन्या पुस्तकाचा धंदा समजून घेतला की हे पटते. नवे पुस्तक चार-सहा महिन्यांत खपते किंवा प्रकाशकाकडे परत जाते. जुने पुस्तक मात्र आपल्या वाचकाची वीस वर्षेही वाट पाहते आणि तेवढा काळ जागा अडवते. मोठ्या शहराच्या भाड्यात ही वाट पाहणे परवडत नाही. हे-ऑन-वायची प्रवासी रेल्वे १९६२ अखेर बंद झाली. शेतीवर चालणारी बाजारपेठ मंदावत होती, त्यामुळे मोठ्या इमारती कमी पैशांत मिळत होत्या. गावातले चित्रपटगृह पुस्तकांचे दुकान झाले. लायन स्ट्रीटवर शेतीमालाच्या व्यापाऱ्याची जुनी इमारत होती, तीही पुस्तकांनी भरली. तिच्या दर्शनी भागावरच्या चकाकत्या फरशांवर आजही गुराढोरांची चित्रे आहेत. दुसरीकडे जमीनदारांच्या वाड्यांतली आणि अमेरिकेतल्या संस्थांची ग्रंथालये मोडीत निघत होती. बूथने ती घाऊक भावात उचलली. वाड्याबाहेर काढलेल्या पुस्तकांना छप्पर हवे होते आणि ओस पडलेल्या छपरांना भाडेकरू. त्यांची गाठ घालून देणे हीच बूथची खरी कर्तबगारी होती, आणि मुकुटापेक्षा ती कितीतरी मोठी होती.

यावर कोणी म्हणेल, की असा अवलिया नसता तर काहीच घडले नसते. पहिल्या गावापुरते ते मान्य करावे लागेल. पण बेल्जियममधल्या रेदू या खेड्याने १९८४ मध्ये हाच मार्ग धरला आणि स्कॉटलंडमधले विगटाऊन १९९८ मध्ये राष्ट्रीय पुस्तकगाव ठरले. विगटाऊनला राजा नव्हता. दूधप्रक्रिया कारखाना बंद पडून बेकारी वाढलेल्या त्या गावाकडे होत्या फक्त रिकाम्या इमारती. दुसरा आक्षेप असा, की गावाला नाव मिळाले ते साहित्य महोत्सवामुळे. तो हे-ऑन-वायला सुरू झाला १९८८ मध्ये, म्हणजे पहिल्या दुकानानंतर तब्बल २६ वर्षांनी. दुकाने महोत्सवाने आणली नाहीत. दुकानांमुळे नावारूपाला आलेल्या गावात महोत्सव भरला. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. घरबसल्या जुने पुस्तक मागवता येऊ लागल्यावर गावातली दुकाने कमी झाली, हे खरेच आहे. पण हवे ते पुस्तक मागवणारा आणि काय हवे हे ठाऊक नसताना कपाटे धुंडाळणारा, यांची गरज वेगळी असते. दुसऱ्यासाठी एकमेकांना लागून असलेली अनेक दुकानेच लागतात.

हे-ऑन-वायवरूनच प्रेरणा घेऊन महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये पाचगणीजवळच्या भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ केले. घराघरांत, देवळांत पुस्तके ठेवून ती सर्वांना मोफत वाचायला खुली केली. उपक्रम मनापासून कौतुकाचा आहे, पण हे-ऑन-वायचा गाभा असलेली जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री त्यात नाही. आपल्याकडे आजोबांचा संग्रह नातवंडांच्या हाती आला की किलोच्या भावाने रद्दीत जातो, कारण तो पारखून घेणारे दुकान जवळपास नसते. तालुक्याच्या गावात बंद पडलेली गोदामे आणि चित्रपटगृहे मात्र आहेत. नगरपालिकांनी अशी एखादी जागा दहा वर्षांसाठी नाममात्र भाड्याने जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना द्यावी, आणि एकाला नव्हे, तीन-चार जणांना शेजारीशेजारी द्यावी.