भोसले घाटावरील एका सायकलस्वाराची फिर्याद

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने काशीतील मराठी वस्तीविषयी काही ऐतिहासिक लिहावे अशी आज्ञा केली, तेव्हा गागाभट्ट, पेशवे आणि अहिल्याबाई यांच्याविषयीच मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर अधिकारी विद्वानांनी विपुल लिहून ठेवले आहे. माझ्यापाशी ऐतिहासिक साधन म्हणावे असे एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या वडिलांची एक वही. तीत मोटारींचे क्रमांक आहेत.

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला भोसले घाट आपल्यापैकी अनेकांनी काशीयात्रेत नावेतून पाहिला असेल. किल्ल्यासारखा तो उंच दगडी वाडा, वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ आणि खाली गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. घाटाच्या पाठीमागच्या गल्लीत आमचे बिऱ्हाड होते. त्या गल्ल्यांत समोरून वळू आला तर माणसाने भिंतीला चिकटून उभे राहावे, अशी रुंदी. मोटार तेथे येणे शक्यच नव्हते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सायकल देवडीत ठेवीत आणि सकाळी ती हाताने ढकलीत चौखंबा, ठठेरी बाजार ओलांडून चौकात नेत. तेथे त्यांची टांग सायकलीवर पडे. कमच्छ्यातील शाळेपर्यंतचा पुढला रस्ता मात्र एक्के, रिक्षा, ट्रक आणि जीपगाड्या यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागे.

१९६४ च्या हिवाळ्यात लक्सा रस्त्यावर तिन्हीसांजेला एका जीपने त्यांना मागून उडविले. मनगट मोडले, पुढचे चाक वाकले. जीप थांबली नाही. परंतु अण्णांनी पडल्या पडल्या तिचा क्रमांक वाचला आणि डाव्या हाताने पेन्सिलीने शर्टाच्या बाहीवर लिहून ठेवला. त्या बाहीनिशी ते ठाण्यात गेले. ठाण्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. मुन्शीजींनी पहिला प्रश्न विचारला, "सायकलीला दिवा होता का?" होता. "साक्षीदार कोण?" कोणी नव्हता. "मग लिहू काय?" असे म्हणून मुन्शीजींनी दौतीला झाकण घातले. घरी आल्यावर आजी म्हणाली, "आपल्या कोतवालाकडे जा रे." काशीचा कोतवाल म्हणजे कालभैरव. अण्णा दुसऱ्या दिवशी देवळात गेलेही; पण येताना त्यांनी एक कोरी वही विकत आणली.

येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. अण्णांना जो कायदा लागू होता, तो मोटारीपेक्षा जुना आहे. १८६० साली संमत झालेली आणि १८६२ च्या १ जानेवारीपासून अमलात आलेली भारतीय दंडसंहिता तयार झाली तेव्हा हिंदुस्थानच्या रस्त्यांवर घोडे, बैलगाड्या आणि बग्ग्या होत्या. तिच्या कलम २७९ ने सार्वजनिक रस्त्यावर मानवी जीवितास धोका होईल अशा बेदरकारपणे वाहन हाकणे किंवा स्वारी करणे हा गुन्हा ठरविला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये ही भल्याभल्यांना घाम फोडणारी रक्कम होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलमाचा आकडा २८१ झाला. दंडाची कमाल मर्यादा हजार रुपयेच राहिली. निष्काळजीपणे मृत्यू घडविण्याचे कलम ३०४ अ हे मूळच्या संहितेत नव्हते. ते १८७० साली घालण्यात आले.

सायकल रस्त्यावर आली ती मात्र आरोपी म्हणून. इंग्लंडात १८७९ साली एका खटल्यात न्यायालयाने सायकल हे कायद्याच्या दृष्टीने वाहनच आहे असे ठरवून भरधाव जाणाऱ्या सायकलस्वारास दोषी धरले. आपल्याकडे ती प्रथम श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सामान्य कारकुनाला ती दुरून पाहण्याचीच वस्तू वाटली असणार. पुढे तीच कारकुनाची, मास्तरांची आणि दूधवाल्याची झाली. सायकल गरिबाघरी आली आणि तिच्यावरचे नियमही तिच्याबरोबर आले. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांत सायकलीला कर होता आणि त्याचा पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा हवा. डबल सीट नको. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात वाढलेल्या पिढीला चौकातल्या हवालदाराने अडविल्याची आठवण हटकून असते. सायकलस्वाराने हवालदाराला अडवून "त्या मोटारीचा क्रमांक लिहून घ्या" असे म्हटल्याची आठवण क्वचितच ऐकू येते. मुन्शीजींचा पहिला प्रश्न दिव्याविषयी होता याचे म्हणूनच मला आता नवल वाटत नाही. सायकलवाल्याकडे आरोपी म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांनी एकट्यांनी शोधून काढलेली नव्हती.

मोटारींसाठी सबंध देशाला लागू असा पहिला कायदा १९१४ साली झाला आणि १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली. गाडीवर ठळक क्रमांक असावा हा नियम आज आपणांस किरकोळ वाटतो; परंतु पळून जाणाऱ्याला ओळखण्याचे दुसरे कोणतेच साधन पादचाऱ्यापाशी किंवा सायकलस्वारापाशी नसते. त्याचाच जोडीदार असा दुसरा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो. त्या वेळी गाडी कोण चालवीत होता हे पोलिसांना सांगणे मालकावर बंधनकारक आहे. १९३९ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि १९८८ च्या कायद्यात ती कलम १३३ म्हणून आहे. तक्रारदाराने चालकाचा चेहरा पाहिलेला असलाच पाहिजे असे नाही. अण्णांच्या बाहीवर जे लिहिलेले होते, तेवढ्यावर तपास सुरू होऊ शकत होता.

आणि साक्षीदार? १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३४ सांगत होते की कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यास साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. साक्ष मोजायची नसते, तोलायची असते, असे वकील मंडळी म्हणतात ते यावरूनच. रस्त्यावर एकटा पडलेला मनुष्य हाही साक्षीदारच असतो. अण्णा संस्कृतचे शिक्षक. कायद्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण एका वकील स्नेह्याकडून त्यांनी ही कलमे समजून घेतली आणि वहीच्या पहिल्या पानावर आपल्या टाकाच्या अक्षरात उतरवून काढली.

त्यानंतर सतरा वर्षे ते नोंदी करीत राहिले. तारीख, वेळ, रस्ता, क्रमांक आणि एक ओळ: "गोदौलियास उलट बाजूने आला", "रिक्षास धक्का देऊन गेला", "मुलगी थोडक्यात वाचली". महत्त्वाच्या नोंदींची ते पोस्टकार्डे लिहीत, शुद्ध हिंदीत, आणि पोलिसांच्या वरिष्ठ कचेरीत धाडीत. काशीच्याच मराठी घरात जन्मलेल्या बाबूराव विष्णू पराडकरांनी 'आज' दैनिकातून हिंदी गद्याला जे वळण लावले, त्या वळणाची ती पत्रे होती. उत्तर एकाचेही आले नाही. आई त्या वहीला "चित्रगुप्ताची वही" म्हणे. आमच्या घाटावर यमेश्वराचेही स्थान असल्याने तिची थट्टा शेजाऱ्यांना लगेच कळे.

जो प्रश्न त्या पोस्टकार्डांतून ते विचारीत होते, त्याचे उत्तर पुढे सर्वोच्च न्यायालयाने दिले, आणि तेही उत्तर प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांनी फिर्याद नोंदविलीच पाहिजे. बेदरकार वाहन चालविणे हा दखलपात्र गुन्हा आहे. २०२४ पासून फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दरम्यान साधनेही बदलली. २०१० साली दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी फेसबुकवर पान उघडले आणि नागरिक मोबाईलवर काढलेली छायाचित्रे तेथे पाठवू लागले. २०१६ साली इंग्लंडातील वेस्ट मिडलँड्सच्या पोलिसांनी आपलेच शिपाई साध्या वेषात सायकलीवर धाडले आणि त्यांना खेटून जाणाऱ्या मोटारी थांबविल्या. त्याच वर्षी वेल्समध्ये सायकलस्वारांच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यांची चित्रणे पोलिसांनी स्वीकारण्यास आरंभ केला. अशा चित्रणाला न्यायालयात प्रमाणपत्र कधी लागते, याचा निर्णय २०२० साली लागला तो आपल्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात: मूळ उपकरण त्याच्या मालकानेच हजर केले तर लागत नाही, नक्कल सादर केली तर लागते. बाहीचा शर्ट आईने धुतला नसता तर तोही मूळ पुरावा ठरला असता, असा विचार हे वाचताना माझ्या मनात आला.

गल्लीत मोटार येत नाही हे मी वर लिहिले ते खरेच आहे; मात्र मोटारसायकली आता येतात. गेल्या खेपेस चौखंब्याच्या वळणावर मीही भिंतीला चिकटून उभा राहिलो. या खेपेस वळूसाठी नव्हे.

अण्णा गेल्यावर वही माझ्याकडे आली. शेवटली नोंद १९८१ सालची आहे. मैदागीनचा रस्ता, सायंकाळची वेळ, "स्कूटर, अतिवेग, वृद्धास हूल देऊन गेला". क्रमांक पाहून मी खाली बसलो. ती स्कूटर माझी होती. नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षी कर्ज काढून घेतलेली. त्या संध्याकाळी घरी जेवताना अण्णांनी मला काही विचारल्याचे आठवत नाही. नोंदीपुढे पोस्टकार्ड पाठविल्याची खूण मात्र नेहमीसारखीच आहे.