जुना डाव, नवा खेळाडू

आधी काही तारखा सांगतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानात बाजारात आला १३ सप्टेंबर १९८५ रोजी. ‘कॉन्ट्रा’ १९८७चा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९चा. आता आमच्या पिढीतल्या कुठल्याही गोंयकाराला विचारा, बाबा, तू हे खेळ पहिल्यांदा कधी खेळलास? कुणी म्हणेल पंचाण्णव, कुणी सत्त्याण्णव, कुणी थेट दोन हजार. म्हणजे जगाने जे खेळ खेळून, कंटाळून माळ्यावर टाकले होते, ते आम्ही नवे कोरे म्हणून उघडले!

हे सांगायचं कारण असं, की चाळिशीतला माणूस जुना व्हिडिओ गेम खेळताना दिसला की लोक लगेच म्हणतात, “बालपण आठवतंय वाटतं!” स्मरणरंजन, नॉस्टॅल्जिया वगैरे शब्द तयारच असतात. मला हे कधी पटलं नाही. आम्ही ते खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हाच ते जुने होते. तरीही जेवणाची हाक तीनतीनदा ऐकू यायची नाही. मग ती गंमत कशाची होती? नव्याची नक्कीच नव्हे.

थोडा इतिहास पाहू. निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आणलं. टीव्हीला जोडायचं, खेळाची कॅसेट खोचायची आणि दोन जणांनी दोन रिमोट हातात घेऊन बसायचं. (आम्ही ‘कॅसेट’च म्हणायचो. कार्ट्रिज हा शब्द फार उशिरा कळला.) १९९० साली त्याच कंपनीचं पुढचं यंत्र आलं, १९९४च्या डिसेंबरात सोनीचं ‘प्लेस्टेशन’ आलं. तिकडे फॅमिकॉम म्हातारा झाला. पण त्याच सुमारास त्याच्या स्वस्त नकला आशियाभर पसरू लागल्या होत्या. आपल्याकडे त्या ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आल्या. गोव्यात काही घरांत अशी यंत्रं तारवटी मामाच्या पेटीतून आली, काहींत आखातातून आलेल्या काकाच्या सामानातून, आणि उरलेल्यांत म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातून.

कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं ठसठशीत छापलेलं असायचं. आत खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेच खेळ वेगवेगळ्या पातळीवरून सुरू करून यादी लांबवलेली. चित्र नीट आलं नाही की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. अ‍ॅडॉप्टर तापला की घरातलं मोठं माणूस ओरडायचं, “बंद करा रे, टीव्ही जळेल!”

‘कॉन्ट्रा’मध्ये तीनच जीव मिळायचे. पण सुरुवातीच्या पडद्यावर वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए अशी बटणं दाबली की तिसाचे जीव! ही युक्ती कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा खेळ फॅमिकॉमवर आणताना तो तपासून पाहायचं काम त्यांच्याकडे होतं आणि तो त्यांना स्वतःलाच अवघड जात होता, म्हणून त्यांनी ही सोय करून ठेवली. पुढे ती त्या कंपनीच्या कितीतरी खेळांत आली. हाशिमोतो २०२० साली वारले. आमच्या वाड्यावर तेव्हा इंटरनेट नव्हतं, असल्या विषयाचं मासिक येत नव्हतं. तरी ही दहा बटणं पाचवीतल्या पोराला तोंडपाठ. कुणी सांगितली? थोरल्या भावाने. त्याला? त्याच्या मित्राने. लोकगीतं, फुगड्या, उखाणे जसे तोंडातोंडी येतात तशीच ही आली. मौखिक परंपरा म्हणतात ती हीच, बरं का.

हे केवळ गोव्यातलंच नव्हे. माझी एक मावशी लग्न होऊन माळव्यात गेली. धार आणि देवास ही तिथली पवारांची संस्थानं, त्यात देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन. त्यामुळे त्या भागात मराठी घरं जुनी. मावशीचं घर देवास जिल्ह्यातल्या लोहारद्याला. २००३च्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो. मध्य प्रदेशात तेव्हा वीज जाण्याचा सुकाळ होता. मावसभावंडं आणि शेजारची मुलं टीव्हीपुढे बसून ‘कॉन्ट्रा’च खेळत होती. सोळा वर्षांचा म्हातारा खेळ! या यंत्रात खेळ अर्ध्यावर जपून ठेवायची सोय नाही. वीज गेली की सगळं मुळापासून. पाचव्या टप्प्यावर पोचलेला मुलगा वीज जाताच एक सुस्कारा सोडी आणि सगळी वळून ओसरीवर येत. फरशीवर खडूने घरं आखायची, फोडलेले चिंचोके टाकायचे आणि सोंगट्या सरकवायच्या. दोन तासांनी वीज आली की पुन्हा आत. एक खेळ सोळा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याचं वय कुणी मोजलेलं नाही. मुलांच्या लेखी दोन्ही आजचेच. जुनं-नवं हा हिशोब दुकानदाराचा असतो, खेळणाऱ्याचा नसतो, हे मला त्या ओसरीवर उमगलं.

आता आणखी मागे जाऊ, कारण या गोष्टीचं एक टोक आपल्या मांडवीपर्यंत येतं.

निन्टेंडो ही कंपनी मुळात व्हिडिओ गेमची नव्हेच. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी ती काढली ती पत्ते बनवण्यासाठी. हे पत्ते म्हणजे ‘हानाफुदा’, फुलांचे पत्ते. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल, त्याचे चार पत्ते, एकूण अठ्ठेचाळीस. पण जपानी भाषेत पत्त्यांना जुना शब्द आहे ‘कारुता’. हा जपानी शब्द नाही. तो पोर्तुगीज ‘कार्ता’. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले आणि त्यांच्या खलाशांबरोबर पत्तेही. पुढे व्यापाराचं मोठं जहाज गोव्याहून निघायचं, मलाक्का, मकाव करत नागासाकीला लागायचं. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला गेले तेही गोव्याहूनच निघून. जपानी कारागिरांनी पोर्तुगीज पत्त्यांच्या हुबेहूब नकला केल्या. (नकलांची परंपरा किती जुनी पाहा!) त्या पत्त्यांतही पानं अठ्ठेचाळीसच होती. पुढे १६३९ साली जपानने पोर्तुगीज जहाजांना बंदर बंद केलं. पत्त्यांवर जुगार चालतो म्हणून सरकारने वेळोवेळी बंदी घातली. बंदी आली की कारागीर चित्रं बदलायचे, खेळ तोच ठेवून. असं करता करता शेवटी आकडे गेले, राजे गेले आणि फुलं राहिली. तेच हानाफुदा यामाउचींनी छापले.

म्हणजे ज्या मार्गावर आपला गोवा हा मुक्काम होता, त्या मार्गाने पत्ते जपानला गेले, आणि त्या पत्त्यांवर उभी राहिलेली कंपनी चारशे वर्षांनी मारिओच्या रूपाने आमच्या टीव्हीत आली. तारवट्यांनी नेलं आणि तारवट्यांनीच आणलं म्हणायचं!

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. पत्रादेवीची सीमा ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात सावंतवाडी येते. तिथला गंजिफा आपल्याला ठाऊक आहे. गंजिफा शब्द फारसीतला, बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याचा उल्लेख येतो. आपल्याकडे तो आला आणि दशावतारी झाला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकशेवीस गोल पानं. तिघांनी खेळायचा डाव. दिवसा रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दहाचं पान मोठं, तर उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. कुठली पानं पडून गेली हे सगळं डोक्यात ठेवायचं. नुसतं वाचूनही दमछाक होते!

ही कला संपत आली होती. सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आनंदच आहे. पण मी स्वतः एक संच आणला तेव्हा ऑफिसात आणि घरी सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, वा वा केलं आणि विचारलं, “फ्रेम कुठे करणार?” एकानेही “डाव मांडूया” म्हटलं नाही. पानं वाचली, रंग वाचले, लाखेची चकाकी वाचली. खेळ मात्र भिंतीवर जाऊन बसला.

व्हिडिओ गेमचं बरोबर उलटं झालं. वस्तू गेली आणि खेळ राहिला. आमच्या घरचं ते यंत्र कधीच भंगारात गेलं. पण आज ‘एम्युलेटर’ नावाचा प्रकार आहे. एका यंत्राचं सोंग दुसऱ्या यंत्राकडून घ्यायला लावणारा प्रोग्राम. दशावतारी नाटकात गावातलाच माणूस मुकुट चढवून विष्णू होतो, तसा तुमचा साधा संगणक मुकुट चढवून फॅमिकॉम होतो. पार्लरमध्ये नाणी टाकून खेळायच्या यंत्रांसाठी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली ‘मेम’ हा प्रोग्राम सुरू केला. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३चा खेळ, ज्याला सगळा हिंदुस्थान त्यातल्या एका पात्रावरून नुसतं ‘मुस्तफा’ म्हणतो, तो आज जिवंत आहे तो अशाच कुणाकुणाच्या खटपटीमुळे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणाने धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल उतरवली. खेळाचा मूळ प्रोग्राम मात्र हरवला. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी जपून त्या वाचून काढल्या आणि मेक्नरने तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. खोकं कचऱ्यात गेलं असतं तर?

हा ‘तर’ महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. २०१०पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी जेमतेम १३ टक्के आज बाजारात रीतसर विकत मिळतात. उरलेले ८७ टक्के खेळायचे तर जुनं यंत्र शोधा, नाहीतर कायद्याच्या कडेकडेने जा. ग्रंथालयांना हे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू द्यायची मुभा मिळावी, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४च्या ऑक्टोबरात फेटाळली. मी सरकारी माणूस, नियम मोडा असं मी म्हणणार नाही. ज्याने खेळ घडवला त्याला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण मालक विकत नाही आणि ग्रंथालय देऊ शकत नाही, अशा स्थितीत खेळ जातो तो कायमचा. आपल्या ‘लिटल मास्टर’च्या नकलाही कायद्यात बसणाऱ्या नव्हत्या, आणि त्या नसत्या तर लोहारद्याच्या त्या पोरांना मारिओ कोण हे कळलं नसतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

खेळ टिकतो कसा याचं एक उदाहरण आमच्याच टेबलावर होतं. १९९०च्या विंडोजबरोबर ‘सॉलिटेअर’ आला, एकट्याने खेळायचा जुनाच पत्त्यांचा डाव. वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या मुलाने तो लिहिला, पत्त्यांची चित्रं सुझान केअर यांची. माउस धरून वस्तू ओढायची कशी, याचा सराव त्याने आपोआप व्हायचा. टंकलेखन यंत्रावर आयुष्य गेलेल्या कितीतरी कारकुनांचा हात माउसवर बसला तो या पत्त्यांमुळे. २०१९ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या दालनात या खेळाला मानाचं स्थान मिळालं. कागदावरचा डाव पडद्यावर गेला आणि टिकला, कारण लोक तो खेळत राहिले. कौतुक करत बसले नाहीत.

माझी मुलगी हल्ली मारिओ खेळते. तिला त्यात कसलं बालपण आठवणार? पहिल्याच पडद्यावर तो तपकिरी ‘गूंबा’ चालत येतो आणि ती त्याला धडकून मरते. १९८५ साली जपानातली मुलं मरत होती तशीच. मग हसते आणि दुसऱ्यांदा बरोबर वेळेवर उडी मारते. बुद्धिबळाला कुणी जुना खेळ म्हणून नाक मुरडत नाही. ज्याचे नियम पहिल्या मिनिटात कळतात आणि ज्याचं कसब महिनोन्‌महिने पुरतं, तो खेळ प्रत्येक नव्या खेळाडूबरोबर पुन्हा जन्मतो. अट एकच, सांगणारा हवा आणि खेळणारा हवा.

म्हणून मंडळी, एक सुचवतो. चवथीला सगळं घर मूळघरी जमतं, रात्री पत्ते निघतातच. येत्या चवथीला भिंतीवरचा गंजिफा खाली काढा. ज्या आज्या-आजोबांना नियम थोडेफार आठवतात त्यांना मध्ये बसवा, आणि पोरांना सांगा की यात तीस जीव मिळवायची युक्ती नाही, पण एकशेवीस पानं लक्षात ठेवायची आहेत. पहिला डाव चुकेल, दुसराही चुकेल. चुकू दे. रात्र असेल, तेव्हा सुरुवात कृष्णाच्या रंगाने करायची, एवढं विसरू नका.