जुन्या बोलेरो-सुमोचे स्टेरिंग थरथरते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

अड्याळ (ता. पवनी) : लग्नाची वरात असो, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट असो की नागपूरचे काम, अड्याळ परिसरातल्या गावांत जुनी बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ नाहीतर कमान्यांवरची मार्शल-कमांडर आजही कामी येते. २००० साली आलेली बोलेरो आणि १९९४ ची सुमो, दोन्ही गाड्या खेड्यातल्या रस्त्यांनी पारखून घेतल्या. पण गाडीला दहा-पंधरा वर्षे झाली की एक तक्रार हमखास सुरू होते, "पुढून हलते."

मग जो भेटेल तो सल्ला देतो. कोणी शॉकअप बदलायला लावतो, कोणी स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू कसतो, कोणी थेट अलाइनमेंटला पाठवतो. पैसे जातात आणि हलणे तसेच राहते. कारण बहुतेक वेळा एकच असते. गाडी कधी आणि कशी हलते, हे पाहण्याआधीच पाना हातात घेतलेला असतो.

कधी हलते, ते आधी पाहा

"ऐंशीवर गेली का थरथरते, शंभरवर गेली का थांबते," अशी तक्रार असेल तर संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर घ्यावा. गावच्या रस्त्यावर ताशी ऐंशीचा वेग येतच नाही, म्हणून हा दोष महिनोन् महिने लपून राहतो. भंडाऱ्याहून नागपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागले की तो उघडा पडतो. थरथर हातात, म्हणजे स्टेरिंगमध्ये जाणवत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. सीटखाली आणि फरशीत जाणवत असेल तर मागची चाके किंवा शाफ्टचा जॉइंट क्रॉस पाहावा.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेरिंग हलत असेल तर पुढची डिस्क एकसारखी राहिलेली नाही, ड्रमची गाडी असेल तर ड्रम ओव्हल झाला आहे. अशा वेळी टाय रॉड बदलून काही हाती लागत नाही. गाडी उभी असताना नुसत्या इंजिनावर थरथरत असेल तर पुढच्या चाकांचा काही संबंध नाही, इंजिनचे माउंटिंग पाहावे. वीस-तीसच्या वेगातच गाडी डुलत असेल तर टायरच्या आतली तार सुटून फुगा आला असेल किंवा रिम वाकली असेल. खड्ड्यातून गेल्यावर "टक" असा आवाज आणि सैलपणा म्हणजे बॉल जॉइंट किंवा बुश. वेगाबरोबर वाढणारी घोंगावल्यासारखी घरघर, जी वळणावर कमी-जास्त होते, ती चाकाच्या बेअरिंगची.

एवढे मेकॅनिकला नीट सांगता आले तरी अर्धे काम होते. "हलते" एवढेच सांगितले तर तोही अंदाजानेच सुरुवात करणार.

चिखल, नट आणि टायर

रोवणीच्या दिवसांत गाडी बांधीजवळ नेली, पांदणीतून आणली, की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो. बाहेरून धुतलेली गाडी चकचकीत दिसते, आत मात्र तो वाळून घट्ट होतो. बोलेरोसारख्या गाडीचे चाक ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला सुमारे दहा वेळा फिरते. अशा वेळी रिमच्या एका बाजूला चिकटलेला नुसता ५० ग्रॅमचा गोळा प्रत्येक फेऱ्यात पावणेचार किलोच्या आसपास हिसका देतो. पाव किलो चिखल असेल तर हाच हिसका अठरा-एकोणीस किलोवर जातो. वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो, म्हणून चाळीसला काहीच कळत नाही आणि ऐंशीला स्टेरिंग हातात राहत नाही. गॅरेजला जाण्याआधी चाकांची आतली बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन पाहावी. पैसा लागत नाही आणि पावसाळ्यात कितीतरी वेळा रोग इथेच सापडतो.

त्यानंतर नट. पंक्चर काढल्यावर घाईत लावलेले चाक हे हलण्याचे अगदी साधे आणि तितकेच धोक्याचे कारण. नट एकामागून एक गोल न कसता समोरासमोरचे कसावेत, म्हणजे चाक सरळ बसते. ढिल्या नटांवर गाडी बरेच दिवस चालली असेल तर रिमची भोके लांबट होतात. अशी रिम पुन्हा कितीही कसली तरी भरवशाची नाही.

टायरवर हात फिरवावा. एका ठिकाणी फुगवटा, मधूनच उंच-सखल पट्टा लागला तर तो टायर पुढे ठेवू नये. कडेला चार आकडी मोहोर असते, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. ३२१८ म्हणजे २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसते म्हणून आठ-दहा वर्षांचा टायर चांगला असे धरू नये, रबर आतून कडक झालेले असते. रिमोल्ड टायर पुढे लावण्याची सवय तर सोडलेलीच बरी.

टायरची झीजही बरेच सांगते. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कोन बिघडला आहे. हात एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल तर टो बिघडला आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेले आहेत किंवा पुढे कुठेतरी ढिलाई आहे.

टायरचाच दोष आहे का, हे फुकटात कळते. पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी न्यावी. थरथर स्टेरिंगमधून सीटखाली गेली तर दोष टायर-रिममध्ये. तिथेच राहिली तर पुढच्या भागाला जॅक लावायची वेळ आली. शौकाने रुंद टायर, बाहेर निघालेली अलॉय किंवा स्पेसर लावले असतील तर आधी कंपनीच्या मापाची चाके लावून पाहावे. बाहेर निघालेले चाक बेअरिंग आणि जॉइंट दोन्हींवर जास्त जोर टाकते.

जॅक लावून ढिलाई शोधताना

सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, स्टँड किंवा मजबूत लाकडी ठोकळा लावलाच पाहिजे. बोलेरोत पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा दाब जॉइंटला ताणून धरतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. इथे बरेच जण फसतात. ज्या गाडीत स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहे, तिथे जॅक कुठे लावायचा हे माहितगार मेकॅनिकला विचारून घ्यावे.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती बेअरिंगची. तशीच राहिली तर बॉल जॉइंटची, आणि कमान्यांच्या जीपमध्ये किंग पिनची. बेअरिंग आणि बॉल जॉइंट यांच्यात गोंधळ झाल्याने चांगले भाग फेकले जातात, ते या एका युक्तीने वाचतात.

मग चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. इथली ढिलाई टाय रॉड एंडकडे किंवा स्टेरिंगकडे बोट दाखवते. नक्की कुठला जोड, हे गाडी जमिनीवर असतानाच चांगले कळते. एकाने स्टेरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे, दुसऱ्याने बाजूने वाकून एकेका जोडावर बोट ठेवावे. ज्या जोडात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो झिजला. रबरी टोपी फाटून आत माती शिरलेला जोड आज घट्ट असला तरी फार दिवस टिकत नाही.

जुन्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये बहुधा दोन टेपर बेअरिंग असतात. ढिली असतील तर साफ करून, ग्रीस भरून नट बसवता येतो. पण तो जास्त आवळला तर बेअरिंग जळते. काम झाल्यावर दहा किलोमीटर गाडी चालवून दोन्ही हबजवळ हात न्यावा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर लगेच परत जावे.

कमान्यांवरची जीप असेल तर

महिंद्राने १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि तिच्या घराण्यातल्या गाड्यांना पुढे सलग ॲक्सल आणि कमान्या आल्या. या गाड्यांची थरथर वेगळीच असते. चाळीस-पन्नासच्या वेगाने खड्ड्यातून गेली का दोन्ही चाके एकाच वेळी डावी-उजवीकडे फडफडायला लागतात, स्टेरिंग हातातून उडते आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थांबत नाही. एका ॲक्सलने बांधलेली चाके एकमेकांना हलवत ठेवतात.

इथे किंग पिनची बेअरिंग पाहावी. त्यांच्या टोपीखाली पातळ शिम असतात. झीज झाली की शिम कमी करून ताण परत आणता येतो, पण दोन्ही बाजू सारख्या हव्यात. कमान्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि तुटलेला पाटा हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. पुष्कळदा अशा गाडीला स्टेरिंग डॅम्पर लावून मोकळे होतात. फडफड काही महिने थांबते, मात्र किंग पिन आत झिजतच राहतो. डॅम्पर बदलायला हरकत नाही, पण ढिलाई काढल्यानंतर. स्टेरिंग बॉक्सचा स्क्रू कसून प्ले लपवण्याचेही तसेच. जास्त कसला की वळणावरून स्टेरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि ती गाडी हलणाऱ्या गाडीइतकीच धोक्याची.

अलाइनमेंट शेवटी

ढिल्या जोडांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. आधी टायर, मग ढिलाई, मग बॅलन्सिंग आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट, हा क्रम बदलू नये. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट बदलला की भंडारा किंवा नागपूरला जाऊन संगणकावर अलाइनमेंट करून छापील चिठ्ठी मागून घ्यावी. बदललेले जुने पार्टही परत मागावेत. जो जोड हाताने सहज हलतो तो खरोखर गेलेला होता, एवढे कोणालाही कळते.

एमएच-३६ ची खासगी गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी नूतनीकरणाला आरटीओत तपासणी होते. स्टेरिंग आणि पुढचा भाग तिथे पाहिला जातो, त्यामुळे तारखेच्या आधीच हे काम उरकलेले बरे.

चालत्या गाडीत फडफड सुरू झाली तर स्टेरिंग दोन्ही हातांनी धरावे, पण झटापट करू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, जोरात ब्रेक मारू नये, वेग उतरू द्यावा आणि कडेला घ्यावे. नट आणि टायर तिथेच पाहावेत. नट ढिले नसतील आणि चाक वर-खाली सैल वाटत असेल तर गाडी "हळूहळू नेऊ" म्हणून पुढे काढू नये. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टेरिंग, ब्रेक कशाचाच उपयोग राहत नाही. आतल्या माणसांना दुसऱ्या गाडीने पाठवावे आणि मेकॅनिकला गाडी उभी आहे तिथेच बोलवावे.