रिमफायर लक्ष्यवेधी रायफल : सरावसाधन, लाकडी दस्ता आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

शस्त्रांचा इतिहास हा बहुधा युद्धांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्यामुळे रणांगणावर कधीही न गेलेल्या, परंतु असंख्य हातांना नेमबाजी शिकविणाऱ्या शस्त्रांकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झालेले दिसते. ०.२२ इंच व्यासाची रिमफायर लक्ष्यवेधी रायफल हे अशा उपेक्षित साधनांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील मार्टिनी पद्धतीच्या सराव रायफलीचा उदय, तिच्या लाकडी दस्त्याचे तांत्रिक महत्त्व आणि जुन्या रायफलीला नवा दस्ता बसवून ती वापरात ठेवण्यामागील ऐतिहासिक प्रश्न यांचा विचार केला आहे.

रिमफायर काडतुसाची पार्श्वभूमी

रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. आघातसुई त्या कडेवर आदळताच काडतूस पेट घेते. फ्रान्समधील फ्लोबेर याने १८४५ मध्ये या तत्त्वावर घरगुती नेमबाजीसाठी छोटे काडतूस तयार केले. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये ०.२२ शॉर्ट हे काडतूस प्रचारात आणले, तर १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे ०.२२ लाँग रायफल काडतूस आले. कडेवर आघात होऊन ती चेपली जावी यासाठी या काडतुसाचे कवच पातळ ठेवावे लागते. परिणामी ते अधिक दाब सहन करू शकत नाही आणि पुन्हा भरताही येत नाही. मात्र हीच मर्यादा सरावाच्या दृष्टीने गुण ठरली. कमी दाब, सौम्य धक्का, अल्प आवाज आणि कमी खर्च यांमुळे गावातील सभागृहात किंवा शाळेच्या आवारातही सुरक्षित बांध उभारून नेमबाजी शिकविणे शक्य झाले.

बोअर युद्ध आणि लघुव्यासी रायफलीची चळवळ

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाने (१८९९–१९०२) ब्रिटिश लष्कराच्या आत्मविश्वासाला मोठा तडा दिला. १० ते १५ डिसेंबर १८९९ या कालावधीत स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे लागोपाठ तीन पराभव पत्करावे लागले. शिकारीची सवय असलेल्या बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीपुढे शहरी वस्त्यांतून भरती झालेला शिपाई उणा पडतो, हा निष्कर्ष ब्रिटनमध्ये सार्वत्रिक झाला.

कामगाराला पूर्ण ताकदीच्या रायफलीचा सराव करणे मात्र परवडणारे नव्हते. त्यासाठी शेकडो मीटर लांबीचे मैदान, महाग काडतुसे आणि मोकळा दिवस हवा होता. या अडचणीवर उपाय म्हणून १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था स्थापन झाली आणि १९०३ मध्ये तिचे रूपांतर लघुव्यासी रायफल क्लबांच्या संस्थेत झाले. हीच संस्था १९४७ पासून नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन या नावाने ओळखली जाते. कानपूर येथे जन्मलेले आणि १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या चळवळीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लघुव्यासी रायफलीच्या स्पर्धांना स्थान मिळाले, ही या चळवळीच्या वाढत्या प्रभावाची खूण होय. साम्राज्याच्या संरक्षणाची चिंता आणि सामान्य माणसाचा फावल्या वेळेतील छंद या दोन प्रवाहांचा संगम या क्लबांत झालेला आढळतो.

मार्टिनी यंत्रणेची उपयुक्तता

अमेरिकन संशोधक पीबॉडी याच्या १८६२ च्या पेटंटमधील यंत्रणेत स्वित्झर्लंडमधील अभियंता फ्रीडरिश फॉन मार्टिनी याने मूलभूत सुधारणा केली. बाहेरील घोडा काढून टाकून त्याने आघातसुई अंतर्भागात बसविली. खालचा खटका ओढला की मागील बाजूस खिळलेला ठोकळा पुढून खाली झुकतो, नळीचे तोंड उघडते आणि सुईही ताणली जाते. या यंत्रणेवर आधारलेली मार्टिनी-हेन्री रायफल ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली. पुढे मॅगझिनच्या रायफली आल्यावर ती कालबाह्य ठरली; परंतु अनेक जुन्या मार्टिनी रायफलींना ०.२२ ची नळी बसवून त्या क्लबांच्या आणि शालेय पथकांच्या हाती देण्यात आल्या.

१८६१ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स अर्थात बी.एस.ए. कंपनीने याच यंत्रणेची लहान आवृत्ती खास लक्ष्यवेधासाठी निर्माण केली. तिच्या १२, १२/१५ आणि १५ क्रमांकांच्या प्रारूपांनी क्लबांच्या नेमबाजीत दीर्घकाळ स्थान टिकविले. या रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरता येते. शिकाऊ नेमबाजाच्या दृष्टीने हा दोष नसून शिस्त होय, कारण प्रत्येक गोळीपूर्वी त्याला थांबावे लागते, श्वास सावरावा लागतो आणि नेम नव्याने बांधावा लागतो. सुईचा प्रवास अल्प असल्याने चाप दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा काळ कमी असतो आणि हाताच्या थरथरीला फारसा वाव उरत नाही.

दस्ता : रचना आणि पुनर्बांधणी

बोल्ट पद्धतीच्या रायफलीचा दस्ता सामान्यतः अखंड लाकडाचा असतो. मार्टिनी रायफलीत मात्र मागील दस्ता आणि नळीखालील पुढचे लाकूड हे दोन स्वतंत्र भाग असतात. मागील दस्ता आरपार जाणाऱ्या एका लांब बोल्टने यंत्रणेच्या पेटीला घट्ट आवळलेला असतो. त्यामुळे धातूच्या कोणत्याही भागाला धक्का न लावता दस्ता बदलता येतो.

दस्ता बदलण्याची गरज अनेक कारणांनी उद्भवते. वर्षानुवर्षे यंत्रणेतील तेल झिरपून लाकूड काळे व मऊ पडते, मनगटाजवळच्या अरुंद भागाला चिरा जातात, तर काही वेळा पूर्वीच्या वापरकर्त्याने तो भाग आपल्या मापाने कापलेला असतो. शरीराच्या मापाचा प्रश्न तर मूलभूत आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी नेमबाजाच्या हाताशी जुळली नाही तर खांदा अवघडतो. दस्त्याची वरची कड गालाला योग्य उंचीवर आधार देत नसेल तर डोळा छिद्रदर्शकाच्या रेषेत स्थिर राहत नाही. शिकाऊ विद्यार्थी अशा वेळी मान ताणून नेम धरतो आणि चुकीची सवय कायमची जडते.

नव्या दस्त्यासाठी पूर्ण वाळलेले अक्रोडाचे लाकूड श्रेष्ठ मानले जाते. मनगटाच्या भागात रेषा सरळ धावणे आवश्यक असते. आडव्या रेषांचे लाकूड दिसण्यात सुंदर असले तरी तेथे ते मोडते. बोल्टसाठी लांब छिद्र नेमक्या दिशेने पाडणे हे कामातील सर्वांत कठीण अंग होय. त्यानंतर धातूवर काजळी लावून भाग एकत्र दाबले जातात आणि लाकडावर जेथे डाग उमटतो तेवढाच अंश खरवडला जातो. पेटीशी लाकडाचा स्पर्श सर्व बाजूंनी समान झाला नाही, तर वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी दस्ता चिरतो. शेवटी जवसाच्या तेलाचे अनेक पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन, चोळले जातात. पुढच्या लाकडाबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते, कारण दमट हवेत फुगलेले लाकूड नळीवर असमान दाब देते आणि गोळीची जागा सरकते.

जतन की वापर?

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक खरा पेच उभा राहतो. मूळ दस्ता हा केवळ लाकडाचा तुकडा नसतो. त्यावरील क्लबची मोहोर, गालाने झिजलेली कड आणि जुनी डागडुजी ही लिखित साधनांत न सापडणारी माहिती पुरविते. तो तासून आधुनिक आकार दिल्यास हा पुरावा कायमचा नष्ट होतो. याउलट रायफल काचेच्या कपाटात ठेवल्यास ती ज्या हेतूने घडविली गेली तो हेतूच लोप पावतो. चाप कसा सुटतो आणि एकेक गोळी भरण्यातून एकाग्रता कशी घडते, हे ज्ञान प्रत्यक्ष वापरातूनच पुढील पिढीकडे जाते. मार्टिनीची द्विभागी रचना या पेचावर व्यवहार्य मार्ग दाखविते. मूळ दस्ता न कापता, नोंद करून जपून ठेवावा आणि सरावासाठी नवा बसवावा. म्हणजे पूर्वस्थिती केव्हाही परत आणता येते. धातूवरील क्रमांक व ओळखचिन्हे मात्र कोणत्याही परिस्थितीत अबाधित राहिली पाहिजेत. भारतात ती मिटविणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार निषिद्ध आहे.

भारतीय संदर्भ

लघुव्यासी सराव रायफलीची परंपरा भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या रूपाने रुजली. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत अनेक पिढ्यांनी ०.२२ च्या रायफलीवर नेमबाजीचे पहिले धडे घेतले. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या अंजली भागवत यांची नेमबाजीशी ओळख छात्रसेनेतूनच झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, तर कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. या दोन्ही प्रकारांत वापरले जाणारे काडतूस ०.२२ लाँग रायफल हेच आहे. दस्त्याचा प्रत्येक भाग नेमबाजाच्या शरीरानुसार जुळविता येणाऱ्या आजच्या रायफली म्हणजे गाल, खांदा आणि हात यांच्या मापाच्या त्याच जुन्या प्रश्नाचे प्रगत उत्तर होय.

निष्कर्ष

रिमफायर सराव रायफलीचा उदय लष्करी पराभवाच्या भीतीतून झाला. परंतु तिचे टिकून राहणे सामान्य माणसाच्या छंदामुळे व शिकण्याच्या इच्छेमुळे शक्य झाले. तिची यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या टिकते, दस्ता मात्र माणसागणिक बदलतो. म्हणून दस्त्याची पुनर्बांधणी ही मूळ वस्तूशी केलेली प्रतारणा न ठरता, पुरावा सुरक्षित ठेवून केल्यास, त्या वस्तूच्या इतिहासातील पुढील टप्पा ठरते. संग्रहालये, नेमबाजी संस्था आणि महाविद्यालयीन छात्रसेना पथके यांनी आपल्याकडील जुन्या सराव रायफलींची दस्त्यासह नोंद ठेवल्यास इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन अभ्यासकांसाठी खुले होईल.