ज्वालामुखीचे नाव लेकीला

श्रोतेहो, आपण लेकीचे नाव गोदावरी ठेवतो, कृष्णा ठेवतो. नदीला पूर येतो, घरेदारे वाहून जातात. तरी नाव नदीचेच! उत्तर अटलांटिकातील आइसलँड बेटावर लोक असेच ज्वालामुखीचे नाव मुलीला देतात.

हेक्ला म्हणजे डोक्यावरून घ्यायचा झगा, आपल्या घोंगडीच्या खोळीसारखा. डोंगरमाथा बर्फाढगांनी झाकलेला, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. इ. स. ११०४ साली हा डोंगर फुटला आणि जवळच्या खोऱ्यातील शेतघरे राखेखाली गेली. युरोपातले लोक त्याला नरकाचे दार म्हणू लागले. १९४७ साली तो पुन्हा फुटला, तो वर्षाहून अधिक काळ धुमसत राहिला.

कात्लाची गंमत उलटी, बरं का. हे मूळचे बायकांचे जुने नाव. मठातली कात्ला नावाची कारभारीण बर्फाच्या दरीत नाहीशी झाली, म्हणून डोंगराला तिचे नाव मिळाले, अशी लोककथा आहे. १९१८ साली ती कात्ला फुटली, तेव्हा बर्फ वितळून प्रचंड लोंढा आला.

तिकडे १९९१ पासून नव्या नावाला समितीची मान्यता लागते. ही दोन्ही नावे मान्य यादीत आहेत. डोंगराची भीती गेली, असे नव्हे. पण ज्याच्या शेजारी जन्म काढायचा, त्याला परके कसे म्हणावे?