एक किलोमीटरची शाळा

मुंबईच्या उपनगरात एखाद्या घराची शाळा कोणती, हे कोण ठरवते? अमेरिकेतल्या बहुतेक गावांत या प्रश्नाचे उत्तर नकाशावर मिळते. अमुक रस्त्याच्या अलीकडची मुले या शाळेत, पलीकडची त्या शाळेत. लोकवस्ती बदलली, एखादी शाळा भरून गेली की तिथले शाळामंडळ रेघ नव्याने आखायला घेते, मसुदा लोकांपुढे ठेवते आणि सभागृहात रात्री उशिरापर्यंत पालक भांडतात. आपल्याकडे अशी भांडणे ऐकू येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे रेघच नाही, असा समज होतो. मुंबईच्या शाळांचा इतिहास पाहताना मला मात्र दिसत गेले, की रेघा इथेही आहेत आणि त्या वेळोवेळी बदलल्याही आहेत. फक्त ज्यांच्या दारावरून त्या गेल्या, त्यांना कोणी फारसे विचारलेले नाही.

सुरुवात शहरापासून करावी लागते. १९०७ साली सरकार आणि मुंबई महानगरपालिका यांच्यात एक देवाणघेवाण झाली. शहराच्या पोलिसांचा खर्च सरकारने आपल्याकडे घेतला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षणाचा भार पालिकेवर आला. १९२० साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ मध्ये सक्तीचे शिक्षण आधी फक्त ‘एफ’ आणि ‘जी’ या दोन वॉर्डांत लागू झाले. परळ, शिवडी, वरळी, माहीम असा हा टापू, म्हणजे बराचसा गिरणगाव. वॉर्डाच्या सीमा कर आणि सफाईच्या सोयीसाठी आखलेल्या होत्या. त्याच आता मुलांच्याही सीमा झाल्या. रस्त्याच्या एका बाजूच्या बापावर मुलाला शाळेत धाडण्याची सक्ती, दुसऱ्या बाजूच्या बापावर नाही.

उपनगरे तेव्हा या हद्दीबाहेर होती. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला आणि तिथला कारभार छोट्या नगरपालिका व ग्रामपंचायतींकडे राहिला. त्यांना लागू होता विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून आलेला १९१८चा कायदा. नगरपालिकेने आपल्या हद्दीत सक्ती आणण्याचा ठराव करायचा आणि सरकारने त्याला मंजुरी द्यायची, अशी त्याची रीत होती. हा कायदा वापरण्याची हिंमत फार थोड्या नगरपालिकांनी केली. सुरत, धुळे, सातारा यांच्याबरोबर त्या यादीत वांद्र्याचे नाव आहे. ज्या उपनगरांना शहर मागासलेले समजे, त्यांतल्या एकाने मुलांच्या शिक्षणाचा निर्णय आपल्या सभागृहात ठराव करून घेतला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. हद्दीतले लोकप्रतिनिधी शाळेविषयी जाहीरपणे मतदान करत आहेत, असे चित्र पुढे उपनगरांत क्वचितच दिसले.

१९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोहोचली. अंधेरी, घाटकोपर पहिल्या टप्प्यात आले, बोरिवली, मुलुंड दुसऱ्या. या गावांच्या शाळा महापालिकेच्या झाल्या. शिक्षकांचे पगार, इमारती, दुरुस्ती यांसाठी मोठा हात मिळाला. पण निर्णयाची जागाही गावातून उठून बोरीबंदरसमोरच्या इमारतीत गेली.

याच काळात उपनगरांतल्या लोकांनी स्वतःच्याही रेघा आखल्या होत्या. पार्ल्यात लोकमान्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ साली, पार्ले टिळक विद्यालय उभे राहिले. सरकारची वाट न पाहता वस्तीने पुढाकार घेऊन काढलेली ही शाळा. स्टेशनाभोवती वसत गेलेल्या मराठी, गुजराती, दाक्षिणात्य, ख्रिस्ती वस्त्यांनी पुढे आपापल्या संस्था काढल्या. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वस्ती शाळा काढते तेव्हा ‘आपली मुले’ कोण, हेही तीच ठरवते. तशा शाळेचा परीघ अंतराने आखला जात नाही. भाषा, धर्म, ओळख आणि पुढे पुढे फी यांनी तो आखला जातो.

महापालिकेच्या शाळांत तर रेघ इमारतीच्या आतूनच जाते. मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवणारी दुसरी महापालिका शोधूनही सापडायची नाही. एकाच इमारतीत तळमजल्यावर मराठी शाळा, वर हिंदी. सकाळच्या अधिवेशनात एक शाळा, दुपारच्या दुसरी. फाटक एक, मुख्याध्यापक वेगळे, पटही वेगळा. शेजारी राहणारी दोन मुले एकाच बाकावर, पण दिवसाच्या वेगळ्या वेळी बसतात. मातृभाषेतून शिकण्याच्या हक्काची ही मोठी सोय आहे, यात वाद नाही. पण मराठी वर्गांचा पट घसरू लागला आणि शेजारच्याच इंग्रजी वर्गासाठी रांग लागू लागली, तेव्हा कोणता वर्ग चालू ठेवायचा, कोणता दुसऱ्या शाळेत मिसळायचा, हा प्रश्न पालकांपेक्षा पटसंख्येनेच सोडवला.

हा सगळा गुंता ज्याने आधीच ओळखला होता, तो माणूस आपल्याच मुलखातला होता. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाने परिसर शाळेची शिफारस केली. शाळेच्या परिसरातली सगळी मुले, जात, धर्म, मिळकत न पाहता, त्याच शाळेत जावीत. एक कारण सामाजिक होते, मुले एकमेकांत वाढावीत. दुसरे कारण फार व्यवहारी होते. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचे मूलही त्याच शाळेत असेल, तर ती शाळा सुधारायला तो भाग पडेल. कोल्हापुरात याला पूर्वपीठिका होती. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश दिला. परिसर शाळेची कल्पना वेगळ्या शब्दांत इथे आधीच राबवली गेली होती. १९६८च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळेचे तत्त्व आले, पण कागदाच्या पुढे फारसे सरकले नाही.

ते कायद्यात उतरायला २००९ उजाडले. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हा परिसर ठरवला. याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या परिसरातल्या मुलांना द्यायला लावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद उचलून धरली, पण २०१४ मध्ये सर्व अल्पसंख्याक शाळांना कायद्यातून वगळले. भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा गल्लोगल्ली असलेल्या उपनगरांत या वगळण्याचा अर्थ मोठा होता.

मग एक किलोमीटर मोजायचा कसा? ऑनलाइन अर्जात पालक नकाशावर आपल्या घराच्या जागी बलून ठेवतात आणि यंत्रणा तिथून शाळेपर्यंतचे हवाई अंतर काढते. मी या लेखासाठी चारही उपनगरांत नकाशा हातात घेऊन फिरलो. हवेतले अंतर आणि पायाखालचे अंतर यांत किती फरक पडतो, हे तिथे कळते. घाटकोपर आणि मुलुंडला रेल्वे पूर्व-पश्चिम वेगळी करते. रुळांपलीकडची शाळा नकाशावर हाकेच्या अंतरावर असते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र गर्दीचा पूल चढून उतरावा लागतो. असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या घरांना अंतराआधी पायऱ्या मोजाव्या लागतात. अंधेरीत द्रुतगती महामार्ग ओलांडणे हा लहान मुलाच्या दृष्टीने नदी ओलांडण्यासारखाच प्रकार. आणि गोराई? खाडीच्या एका काठावरून बोरिवलीचा काठ दिसतो, पण पलीकडे जायला लाँच हवी. रस्त्याने जायचे तर उत्तन, भाईंदर असा लांबचा वळसा. नकाशावरच्या वर्तुळाला ना भरती कळते, ना जिना.

कायद्याचा हेतू चांगला होता, म्हणून वर्तुळाच्या या चुका लोकांनी सोसल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी मात्र रेघच उलटी फिरवली गेली. राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा देण्याचे बंधन उरले नाही. कर्नाटकाने असाच मार्ग आधी धरला होता. सरकारचा युक्तिवाद असा, की जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेच्या फीची भरपाई का करायची? तो अगदीच पोकळ नव्हता. भरपाईच्या थकबाकीबद्दल खासगी शाळांचीही तक्रार होती. पण मुंबईच्या दाट वस्तीत जवळपास प्रत्येक खासगी शाळेच्या एक किलोमीटरमध्ये पालिकेची किंवा अनुदानित शाळा असतेच. म्हणजे मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी जो एक किलोमीटर आला, तोच त्याला दारातून परत पाठवण्याचे माप झाला.

पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली. १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने हा बदल रद्द केला आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. रेघ पूर्ववत झाली. पण या सहा महिन्यांतले जून-जुलै हे शाळा सुरू होण्याचे महिने होते, आणि पहिलीतले वर्ष मुलाला पुन्हा मिळत नाही.

यातून मला जे दिसते ते असे. आपल्याकडे शाळेच्या सीमेबद्दल बोलण्याची पहिली जागा न्यायालय ठरली, आणि ती शेवटची असायला हवी होती. नकाशावर हरकत घेणे मुंबईकरांना जमत नाही असे मुळीच नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा तपासला, चुका काढल्या आणि हजारोंनी हरकती दिल्या. एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन दुरुस्तीला पाठवावा लागला. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडले. शाळेसाठी राखीव भूखंडावर हरकत घेता येते, तर त्या शाळेत कोणत्या वस्तीची मुले येतील यावर का घेता येऊ नये?

जनसुनावणी म्हणजे रामबाण नव्हे, हेही इतिहासच सांगतो. अमेरिकेत १९७४ साली बोस्टनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांना एकमेकांच्या भागातल्या शाळांत बसने नेले जाऊ लागले, तेव्हा त्या बसवर दगड पडले, आणि दगड मारणारेही ‘स्थानिक लोक’च होते. सुनावणीला वेळेवर पोहोचतो तो बहुधा सोसायटीतला माणूस. बिगारी काम करणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई त्या वेळी कामावर असतात. पण त्यांच्यासाठी कायद्यातच एक जागा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे २००९चाच कायदा सांगतो. आज या समित्यांपुढे शौचालय, पोषण आहार आणि गणवेश येतात. शाळेच्या परिसराचा नकाशा येत नाही. तो दरवर्षी प्रवेशाआधी शाळेच्या भिंतीवर लावला, हवाई अंतराऐवजी मुलाच्या पायी वाटेने मोजला, आणि पूल, नाला, महामार्ग कुठे आड येतो हे आयांनाच विचारले, तर खर्च खडू आणि कागदाएवढाच येईल.

शंभर वर्षांपूर्वी वांद्र्याच्या छोट्या नगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या मुलांविषयी उघड सभेत ठराव केला होता. आजच्या उपनगरांना तेवढी तरी सभा मिळायला हवी.