एका पडलेल्या चित्रपटाचा ताळेबंद

चित्रपट पडला म्हणजे त्याच्याबद्दलचा वाद संपला, असे आम्हांला कधीच वाटले नाही. उलट चाललेल्या चित्रपटापेक्षा पडलेल्या चित्रपटावर रसिक मंडळी अधिक तावातावाने बोलतात. संघटनेचे काम आटोपले की आमच्या कचेरीत जी चर्चा रंगते, तिच्यात जुन्या इंग्रजी रॉक संगीताचे दर्दी आहेत आणि दिग्दर्शकाच्या नावावर जीव टाकणारेही आहेत. या दोन्ही पक्षांना एकाच वेळी पेटविणारा एक चित्रपट आहे. तो म्हणजे मायकेल चिमिनो या अमेरिकन दिग्दर्शकाचा, १९८० साली आलेला ‘हेवन्स गेट’. एक पक्ष म्हणतो, ही थोर कलाकृती होती, भांडवलवाल्यांनी तिचा गळा घोटला. दुसरा म्हणतो, एका माणसाच्या अहंकाराने एक नावाजलेली कंपनी बुडाली. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच वहीत सगळे हिशेब लिहितात, आणि म्हणून बेरीज जुळत नाही. हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडून पाहू.

पहिली वही इतिहासाची. चित्रपटाचा विषय आहे वायोमिंग प्रांतातील जॉन्सन काउंटीचा १८९२ सालचा संघर्ष. मोकळ्या सरकारी कुरणांवर हजारो गुरे चारणारे बडे मालक एका बाजूला, आणि त्याच जमिनीवर कायद्याने हक्क सांगून वसलेले लहान शेतकरी व गुराखी दुसऱ्या बाजूला. मालकांचा संघ मोठा जबरदस्त होता. लहान माणसाच्या कळपात चार गुरे अधिक दिसली की तो चोर, असा त्यांचा न्याय. १८८९ च्या जुलैत एला वॉटसन ही स्त्री आणि जेम्स ॲव्हरेल हा पुरुष, या दोघांना मालकांनी झाडाला लटकावून मारले. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. मग धीर चेपला. १८९२ च्या एप्रिलमध्ये मालक, त्यांचे हस्तक आणि टेक्सासहून भाड्याने आणलेले बंदूकवाले, अशी सुमारे पन्नास जणांची टोळी खास आगगाडीने निघाली. मारावयाच्या माणसांची यादी त्यांच्याजवळ होती. ९ एप्रिलला त्यांनी नेट चॅम्पियन आणि निक रे या दोघांना एका झोपडीत गाठले. रे पहिल्याच फेरीत घायाळ होऊन पुढे मेला. चॅम्पियन दिवसभर एकटा लढला, आणि लढता लढता एका लहानशा वहीत काय घडते आहे ते टिपत राहिला. अखेर झोपडीला आग लावून, बाहेर पडताच त्याला गोळ्या घातल्या.

पण त्या एका दिवसाने वेळ मिळाला. बातमी पसरली, शेकडो माणसे जमली आणि त्यांनी उलट मालकांच्या टोळीलाच एका रँचवर वेढले. तेव्हा तारा हलल्या, राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांचा हुकूम सुटला आणि १३ एप्रिलला घोडदळ आले. ते आले हल्लेखोरांना सोडवायला! खटल्याचा खर्च काउंटीला पेलेना, आणि १८९३ च्या जानेवारीत आरोपी मोकळे झाले. ज्यांनी गेटसभा घेतल्या आहेत, त्यांना या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता चिमिनोने यातून काय केले ते पाहा. घोडदळ कोणाच्या मदतीला आले, ही मुख्य गोष्ट त्याने सांगितली. मालकांचा संघ, त्याची यादी आणि तिला सरकारचा आशीर्वाद, हेही उघड दाखविले. अमेरिकेच्या पैशाने बनलेल्या भव्य चित्रपटात ही हिंमत थोडी नाही. परंतु त्याने १८८९ साली मेलेल्या वॉटसन आणि ॲव्हरेल यांना १८९२ च्या लढाईत आणले, प्रत्यक्षात न झालेली मोठी कत्तल रंगविली. आणि सर्वांत वाईट म्हणजे नेट चॅम्पियनला त्याने मालकांचा पगारी मारेकरी केले. शेवटी तो फिरतो आणि झोपडीत मरतो हे खरे. पण जो माणूस मालकांसमोर ताठ उभा राहिल्यामुळेच मारला गेला, त्याला आधी मालकाच्या मस्टरवर चढवायचे, हा नुसता तपशिलाचा दोष नव्हे. कथेत रंग भरावेत, पण हुतात्म्याची बाजू बदलू नये. चित्रपटाचे निस्सीम चाहते या मुद्द्यावर गप्प बसतात, आणि त्याचे निंदक तर येथवर पोहोचतच नाहीत.

दुसरी वही पैशाची. युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी १९१९ साली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी काढली. कलावंतांनीच मालक व्हावे ही तिची कल्पना. १९६७ साली ती ट्रान्सअमेरिका या विमा व्यवसायातील धनाढ्य कंपनीच्या हाती गेली. १९७८ च्या आरंभी जुने, जाणते व्यवस्थापक एकदम सोडून गेले. नव्यांना आपला दम दाखवायचा होता. ९ एप्रिल १९७९ ला चिमिनोला ‘द डियर हंटर’साठी ऑस्कर मिळाले, आणि १६ एप्रिलला माँटाना प्रांतात ‘हेवन्स गेट’चे चित्रीकरण सुरू झाले. अशा वेळी त्याला ‘नाही’ कोण म्हणणार? पहिल्या सहा दिवसांतच काम पाच दिवस मागे पडले. सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरांचा अंदाज ४ कोटी ४० लाखांच्या घरात गेला. पहिली जुळणी ३२५ मिनिटांची होती. १९८० च्या नोव्हेंबरात २१९ मिनिटांचा चित्रपट न्यूयॉर्कला लागला, टीकेचा भडिमार झाला, आणि तो लगेच मागे घेतला गेला. १९८१ मध्ये १४९ मिनिटांची कापलेली आवृत्ती आली. तिलाही कोणी विचारले नाही. अमेरिकेत गल्ला जमला तो सुमारे ३५ लाखांचा. त्याच वर्षी कंपनी एमजीएमला विकली गेली.

यावरून ‘एका दिग्दर्शकाने कंपनी बुडविली’ अशी म्हण पडली. आम्हांला ती मालकांच्या सोयीची वाटते. खर्चाच्या कागदावर सही कोणाची होती? देखरेख कोणाची होती? कारखाना तोट्यात गेला की दोष एखाद्या माणसावर ढकलायचा आणि व्यवस्थापनाने हात झटकायचे, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. शिवाय १९७५ चा ‘जॉज’ आणि १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ यांच्या अफाट कमाईने धंद्याची नजर आधीच फिरली होती. ‘हेवन्स गेट’ने पुढे दिग्दर्शकांचा लगाम आवळायला केवळ निमित्त दिले.

तिसरी वही सहसा कोणी उघडत नाही. ती राबणाऱ्यांची आणि मुक्या जीवांची. या चित्रीकरणात कोंबड्यांच्या झुंजी खऱ्या लावल्या गेल्या, घोडे दगावले, आणि प्राणिमित्रांनी चित्रपटगृहांसमोर निदर्शने केली. पुढे प्राण्यांच्या वापरावर देखरेख असावी, ही व्यवस्था नटांच्या संघटनेच्या करारातून पक्की झाली. दिग्दर्शकाची महत्त्वाकांक्षा कितीही मोठी असो, तिचे मोल दुसऱ्याच्या रक्ताने चुकते करण्याचा परवाना तिला नाही. येथे चिमिनोचा बचाव आम्ही करणार नाही.

चौथी वही संगीताची, आणि येथे आमचे रॉकप्रेमी मित्र सरसावतात. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. नायक क्रिस क्रिस्टॉफरसन हा मूळचा गीतकार आणि गायक. १९७३ साली सॅम पेकिनपाच्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’मध्ये तो बिली होता. त्याला संगीत बॉब डिलनचे होते, आणि तोही चित्रपट कंपनीने दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध कापला होता. ‘हेवन्स गेट’चा संगीतकार डेव्हिड मॅन्सफिल्ड हा डिलनच्या १९७५-७६ च्या ‘रोलिंग थंडर रिव्ह्यू’ या फिरत्या मेळ्यातला तरुण वादक. टी-बोन बर्नेटही त्याच मेळ्यातला, आणि तोही पडद्यावर वाजवताना दिसतो. मालकांच्या टोळीचा एक म्होरक्या झाला आहे रॉनी हॉकिन्स. ज्याच्या साथीदारांतून पुढे ‘द बँड’ हा प्रख्यात वाद्यवृंद उभा राहिला, तोच हा. याच हॉकिन्सने डिलनच्या १९७८ च्या ‘रेनाल्डो अँड क्लारा’ या जवळजवळ चार तासांच्या चित्रपटात खुद्द ‘बॉब डिलन’ची भूमिका केली होती. तोही पडला, आणि त्याचीही पुढे लहान आवृत्ती काढावी लागली.

हा योगायोग नव्हे. ध्वनिमुद्रिकांच्या जगात त्या दशकात कलावंताला जी ऐसपैस मोकळीक मिळाली, तीच पडद्यावर मिळवण्याची ही धडपड होती. परंतु गाणे बिघडले तर तबकडी बदलता येते. चित्रपटात शेकडो माणसांचे महिनेच्या महिने गुंतलेले असतात. तरीही तंबूच्या नाचघरात मॅन्सफिल्ड चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवीत फिरतो आणि सारी वस्ती त्याच्यामागे घरंगळत नाचते, ते दृश्य पाहावे. दिवसभर राबलेल्या माणसांचा आनंद इतक्या मनःपूर्वक दाखविणारी दृश्ये फार नाहीत. पुढे याच सभागृहात यादीतील नावे वाचली जातात, म्हणून तो नाच अधिकच काळजाला भिडतो.

२०१२ साली २१६ मिनिटांची पुनरुज्जीवित आवृत्ती व्हेनिसच्या महोत्सवात दाखविली गेली आणि तिचे कौतुक झाले. चिमिनो २०१६ साली वारला. निदान हे मानाचे पान त्याला जिवंतपणी लाभले. पण चित्रपट पूर्ण लांबीचा झाला म्हणून पूर्ण खरा झाला नाही. चॅम्पियन त्या आवृत्तीतही मालकाचाच पगारी आहे, आणि मेलेले घोडे मेलेलेच आहेत.

म्हणून आमच्या रसिक मित्रांना आम्ही सांगतो, की वाद अवश्य घाला, पण कंपनीच्या तोट्यावरून कलेची किंमत करू नका आणि कलेच्या थोरवीवरून इतरांवरचा अन्याय माफ करू नका. आणि चित्रपट पाहून झाल्यावर त्या खऱ्या चॅम्पियनची आठवण ठेवा. चार कोटी डॉलर खर्चून जे नीट सांगता आले नाही, ते त्याने गोळीबारात, एका लहानशा वहीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते.